माशीमार बघायला निघालेले बाबा

नाशकाहून पेठला जाणारा रस्ता रोज करणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, त्यात बघण्यासारखं काय आहे? मला ते पटत नाही, पण माझं मत धरू नका. त्या रस्त्याने मी पहिल्यांदा गेले ते बाबांबरोबर, सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात, आणि तेव्हापासून तिथलं प्रत्येक वळण मला माहेरचं वाटतं. आता रस्ता रुंद झालाय, सावळघाटात पूर्वीसारखी गाडी लागत नाही. बाबाही राहिले नाहीत. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

खरं म्हणजे तो प्रवास बारशाचा होता. माझा धाकटा भाऊ सुहास करंजाळीच्या पुढे एका पाड्यावर आश्रमशाळेत मास्तर होता. त्याला मुलगी झाली होती आणि मी एकुलती एक आत्या, त्यामुळे नाव ठेवण्याचा मान माझा. बाबा मात्र बारशाला चालले नव्हते. "मी सुहासकडे येत नाही," त्यांनी मला स्वच्छ बजावलं होतं. "त्या बाजूच्या जंगलात हिवाळ्यात माशीमार पाखरं उतरतात, ते बघायला जातोय. एसटी तीच आहे, त्याला मी काय करू?"

हे नीट कळायला आधी आमच्या घरातलं थोडं सांगायला हवं.

सातपूर

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते, युनियनच्या कमिटीवरही होते. आम्ही कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो आणि भोंग्यावर घड्याळं लावायचो. रात्रपाळी संपवून आलेले बाकीचे लोक अंथरुणाला पाठ टेकायचे, तेव्हा बाबा चहा पिऊन गळ्यात दुर्बीण अडकवायचे. आम्हाला सुट्टी असली की सुहास पुढे दांडीवर, मी मागे कॅरियरवर, आणि सायकल थेट गंगापूर धरणाच्या काठाला. आईला या वेडाचं कौतुक कधीच नव्हतं. "लोकांचे नवरे सुट्टीत घराला रंग देतात, आमचे माशा मारत फिरतात," असं ती म्हणायची. बाबा शांतपणे दुरुस्ती करायचे, "मारतो तो माशीमार. मी नुसता बघतो."

बाबांच्या लेखी पक्ष्यांची दुनिया म्हणजे एक मोठा कारखानाच होता. सुतार, शिंपी, धोबी, खाटीक, कोतवाल, सगळे आपापल्या कामावर. ज्याचं जे काम तेच त्याचं नाव, ही पद्धत त्यांना फार पटायची, कारण कॉलनीतही आम्ही माणसांना तसंच ओळखायचो. प्रेसशॉपवाले काका, कँटीनवाले मामा. या सगळ्यांत माशीमार त्यांचा लाडका. चिमणीहून लहान पाखरू, पण कामाला पक्कं. एक फांदी निवडायची, तिच्यावर ताठ बसायचं, हवेत किडा दिसला की सुटायचं, चोच टक् करून मिटायची आणि लगेच माघारी फांदीवर. "मशिनवरचा माणूस असाच असतो," बाबा म्हणायचे, "जागा सोडत नाही." त्याचाच भाऊबंद नाचण, शेपटीचा पंखा करून फांदीवर गिरक्या घेणारा. मला तो जास्त आवडायचा, पण बाबांची त्याच्याबद्दल तक्रार होती. "हाही माशाच धरतो, पण नाव पडलं नाचावरून. नाचणं हे काय काम झालं? लोकांचं कामाकडे लक्षच नसतं."

सुहास आयटीआय झाला तेव्हा बाबांनी साहेबांकडे शब्द टाकला आणि त्याला आपल्याच टूलरूममध्ये चिकटवलं. सगळी कॉलनी पेढे खाऊन गेली. वर्ष भरलं आणि सुहासने राजीनामा दिला. म्हणाला, पत्र्याखाली जीव गुदमरतो, मला मास्तर व्हायचंय, डोंगरातल्या शाळेत. आई बाबांना म्हणाली, "जंगलाचं वेड तुम्हीच लावलंत, आता कुणावर चिडता?" हे खरं होतं, म्हणूनच बाबा जास्त चिडले. टूलरूममध्ये जो तो विचारायचा, पोरगा का सोडून गेला, आणि बाबांना मान खाली घालावी लागायची. ते सुहासशी बोलेनासे झाले. तो दिवाळीला घरी आला की हे दुर्बीण घेऊन बाहेर पडायचे. त्याने तिकडच्याच अंगणवाडीतल्या यमुनाशी लग्न केलं, तेव्हा सुनेसाठी आईच्या हाती साडी पाठवली, स्वतः गेले नाहीत. अशी कितीतरी वर्षं गेली.

बाळंतपणासाठी आई आधीच पाड्यावर गेली होती. तिने करंजाळीच्या एसटीडी बूथवरून मला फोन केला. "कुंदा, त्यांना घेऊन ये. नातीच्या बारशाला आले नाहीत तर पुढे मी मध्ये पडणार नाही. बापलेकांनी असंच तोंड फिरवून म्हातारं व्हावं." आई रडणारी बाई नव्हती, पण फोनवर तिचा आवाज फुटला. मी बाबांना तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दुर्बीण हातात घेतली. दोन दिवस दुर्बिणीच्या काचा पुसत बसले, आणि तिसऱ्या दिवशी ते माशीमाराचं काढलं. मी मुकाट्याने पिशवी भरली.

सावळघाट

सीबीएस स्टँडवरून सकाळची गाडी मिळाली. रामशेजचा किल्ला मागे पडेपर्यंत द्राक्षांचे मांडव, मग ते विरळ होत गेले आणि पिवळ्या गवताची माळरानं लागली. गाडीत टोपल्या, पिशव्या, तुरीच्या शेंगांचे भारे, आणि एका बाईच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. आमच्या सातपूरच्या शहर बसमध्ये शेजाऱ्याचं नावही कुणी विचारत नाही. इथे घाट यायच्या आत सगळ्या गाडीला माझं सासर, माहेर आणि मुलांच्या इयत्ता कळल्या होत्या.

आमच्या पलीकडे बसलेला पागोटेवाला म्हातारा बराच वेळ बाबांच्या गळ्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "ते काय हाय?"

"दुर्बीण."

"फारेष्टचे हायेत का तुमी?"

"नाही हो. मी पाखरं बघायला चाललोय."

म्हाताऱ्याने पायाजवळची गोणी हळूच बाकाखाली सरकवली. तिच्यात काय होतं कोण जाणे. "नुसती बघाया? धराया नाय?"

"नुसती बघायला."

"एवढं भाडं भरून?" असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. बापाला एकटं सोडत नाहीस हे बरं करतेस, असं काहीतरी त्या नजरेत होतं. बाबा फुगून खिडकीबाहेर बघत बसले. घाटात ते पुन्हा माणसात आले, कारण एका वळणावर नाचण दिसला. "बघ, बघ," म्हणेपर्यंत गाडी पुढे गेली होती. मी काहीच पाहिलं नव्हतं, तरी हो म्हटलं. लहानपणापासून मी अर्ध्या पक्ष्यांना असंच हो म्हणत आले आहे.

करंजाळीला चहा आणि गरम भजी. बाबांनी तिथे एक गोष्ट केली, ती मी पाहिली. दुकानातून त्यांनी खडीसाखरेची पुडी घेतली आणि खिशात टाकली. त्यांना स्वतःला गोड चालत नव्हतं.

पाडा

थांब्यावर आई उभी होती. सुहास आला नव्हता. "आलात," आई म्हणाली. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "इथं ओहोळ कुठल्या बाजूला आहे?"

आईने हाताने दाखवलं. बाबा पिशवीसुद्धा न ठेवता तिकडे चालायला लागले. आई म्हणाली, "बघितलंस?" मी म्हटलं, "इथवर आलेत, तेवढं बघ."

सुहासचं घर कारवीच्या कुडाचं, आतून-बाहेरून सारवलेलं, वर कौलं. पडवीत ऊन, उखळ आणि वाळत घातलेली नागली, म्हणजे आमची नाचणी. यमुना भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मूठभर काळंभोर जावळ असलेली पोरगी. मी तिला घेतलं आणि माझे डोळे भरून आले, ते लपवायचं काही कारण नाही. यमुनाची आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हिचं नाव बुधी. बुधवारी झाली ना."

मला धक्काच बसला. मी शहरातून चांगली चार नावं निवडून आणली होती. तिकडे वारावरून नाव पडतं हे मला माहीत नव्हतं. सोमवारी झाला तो सोमा, मंगळवारची ती मंगळी. आत्याला कुणी विचारत नाही. यमुनाने आपल्या आईकडे बघून डोळे मोठे केले आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही तुमचं ठेवा. आमच्याकडे हाक मारायचं एक असतं, तुमचं शाळेत लावू."

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी आणि वालाच्या शेंगा होत्या. आमच्याकडे खुरासणी कुणी ताटात घेत नाही, ती चटणी मी तीनदा मागून घेतली. बाबांचं ताट मी ओहोळावर नेलं. ते एका जांभळाखाली दगडावर बसले होते. जेवले, भाकरी चांगली आहे म्हणाले. मग विचारलं, "तिची तब्येत बरी आहे ना?"

"कुणाची? यमुनाची की मुलीची?"

"दोघींची."

"वर येऊन बघा."

"इथं एक जोडी आहे," ते दुर्बीण डोळ्याला लावत म्हणाले. "हललो तर जातील."

मी वर आले तर सुहास मला म्हणाला, "त्यांना सतरंजी नेऊन दे, दगड गार असतो." मी सतरंजी नेली. बाबा दुर्बीण वर घराकडे रोखून म्हणाले, "त्याला सांग, पडवीच्या कोपऱ्यातलं कौल सरकलंय, पावसाळ्यात गळेल." मी वर येऊन कौलाचं सांगितलं. सुहास म्हणाला, "त्यांना सांग, मला माहीत आहे." दुपारभर माझ्या चपला झिजल्या. दोघांना एकमेकांची काळजी होती आणि दोघांचा हेका सुटत नव्हता.

ऊन कलल्यावर पाड्यावरच्या बायका जमल्या. आढ्याला साडीची झोळी बांधली, खाली घुगऱ्यांची परात ठेवली. आईने माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मला काय वाटलं ते नेमकं सांगता येणार नाही. मी करंडा खाली ठेवला आणि म्हटलं, "मी नाव ठेवणार नाही."

"अगं, काय बोलतेस?" आई म्हणाली.

"आजोबा आल्याशिवाय झोळीला हात लावणार नाही. मी संपावर आहे."

युनियनवाल्याची मुलगी मी, दुसरं मला काय सुचणार? बायकांत कुजबुज झाली. यमुनाची आई म्हणाली, "पोरीला नाव हाय. तुमी भांडा निवांत," आणि तिने घुगऱ्यांचा एक घास तोंडात टाकला.

सुहास दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "ताई, ते बारशाला आलेच नाहीत. पाखरं बघायला आलेत. मी कशाला मध्ये जाऊ?"

"तू बाप झालास ना आता? मग जा. उद्या ही तुझ्याशी बोलली नाही तर तू काय करशील?"

तो पोरीकडे बघत राहिला. मग पायात चपला न घालताच खाली निघाला. मला राहवेना, मीही मागे गेले आणि करवंदीच्या जाळीआड उभी राहिले. दोघं पुन्हा भांडले असते तर आईने आपला शब्द खरा केला असता, याची मला खात्री होती.

बाबांची पाठ आमच्याकडे होती. सुहास त्यांच्या मागे जाऊन थांबला. समोर वाळक्या फांदीवर एक बारकं पाखरू बसलं होतं, मातकट रंगाचं, गळ्यावर तांबूस डाग. शेपटी सारखी वर उडवत होतं. सुहास वाकून ते पाखरू बघू लागला. मग म्हणाला, "कोणता आहे हा?"

तो पक्षी सुहासला पाचव्या वर्षापासून माहीत होता. बाबांनी मान वळवली नाही. ते बोलायला लागले, आम्हाला सायकलवर बसवून सांगायचे त्याच आवाजात.

"माशीमार. हा छोटा. उत्तरेकडून येतो, थंडीपुरता. गुरं ओहोळावर पाण्याला यायची, गुरांभोवती माशा. हे पाखरू गुराख्याच्या डोक्यावर फांदीवर बसून एकेक माशी टिपायचं. गुराख्यांनीच नाव ठेवलं असणार. पुस्तकवाल्यांनी मागाहून लिहून घेतलं. साहेबाच्या भाषेतही त्याला माशी धरणाराच म्हणतात." ते थांबले. "हे तुला माहीत आहे सगळं."

"माहीत आहे. परत सांगा."

बाबांनी दुर्बीण खाली केली. "चोच रुंद असते, कडेला मिशांसारखे केस. माशांखेरीज डासही खातो, पतंग खातो. पण लोकांनी जे पाहिलं त्यावरून नाव पडलं."

"कामावरून."

"हो, कामावरून."

"आणि त्याने काम बदललं तर?"

बाबांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. तेवढ्यात ते पाखरू फांदीवरून थेट जमिनीवर उतरलं, पाचोळ्यातून काहीतरी उचललं आणि परत वर जाऊन बसलं. बाबा तिकडे बघत म्हणाले, "हा खाली उतरूनही खातो. तरी माशीमारच." मग पहिल्यांदा त्यांनी मागे वळून सुहासकडे पाहिलं. "बारसं किती वाजता आहे?"

सुहास म्हणाला, "तुम्ही आलात की."

त्याने हात पुढे केला. बाबा त्याचा हात धरून उठले, आणि वर घरापर्यंत तो हात सुटला नाही. मी जाळीआडून पळत आधी पोचले आणि करंडा हातात घेऊन अशी बसले, जसं काही झालंच नव्हतं.

यमुनाच्या आईने पोरगी सरळ बाबांच्या हातांत दिली. आयुष्यभर मापाला केसाचा फरक न पडू देणारे ते हात तिच्या मानेखाली अलगद सरकले. मग तिला माझ्या मांडीवर देऊन त्यांनी खिशातली पुडी काढून खडीसाखर सगळ्यांना वाटली. मी पोरीच्या कानात 'रेवती' म्हटलं, तिच्या आजीने मोठ्याने 'बुधी' म्हटलं, आणि पोरगी दोन्ही नावांना सारखीच रडली. "दोन्ही राहू द्या," बाबा म्हणाले. संप मिटला.

परतीची गाडी

सकाळी बाबा सुहासबरोबर शाळेवर निघाले. मी पडवीत आईच्या शेजारी नागली निवडत होते. आईचा चेहरा इतका हलका मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. घरासमोरच्याच वाटेवर मोळी घेतलेली एक बाई बाबांना थांबून विचारत होती, "कोण तुमी? कुठले?" आमचे बाबा कुणालाही ओळख देताना आधी टूलरूम सांगायचे, निवृत्त झाल्यावरसुद्धा. ते म्हणाले, "मास्तरांचा बाप." आईने निवडणं थांबवलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

दुपारच्या गाडीला मला सोडायला सगळे आले. माझी मुलं नाशकात शेजारणीकडे होती, मला राहता येणार नव्हतं. आई बाळंतिणीपाशी थांबणारच होती. गाडी आली, मी चढले, आणि बाबांसाठी जागा धरली. ते खालीच उभे. त्यांची पिशवी सुहासच्या हातात होती.

"चला ना," मी खिडकीतून म्हटलं.

"तू हो पुढे. मी जरा थांबतो. माशीमार अजून नीट बघून झाले नाहीत."

"किती दिवस?"

बाबांनी सुहासकडे पाहिलं. सुहास मान खाली घालून हसत होता. "हे पाहुणे मार्चअखेरपर्यंत असतात," बाबा म्हणाले.

गाडी हलली. कंडक्टर जवळ आला, "किती?" म्हणाला. "एक," मी म्हटलं, आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याने तिकीट फाडून दिलं आणि काही न विचारता पुढे गेला.